डोंगरावर नवी रोपे लावावीत, की उभे आहे ते जंगल राखावे?

टेकडीवाला

मी बेलापूरला, पारसिक डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेने चार वर्षांपूर्वी रीतसर परवानगी काढून डोंगराच्या एका उतारावर ४०० रोपे लावली होती. फलक, टोप्या, वडापाव, छायाचित्रे असे सगळे यथासांग पार पडले. पहिले दोन उन्हाळे आम्ही टँकरने पाणी दिले, तिसऱ्या उन्हाळ्यात वणवा आला आणि चौथ्या उन्हाळ्यात उत्साहच उरला नाही. यंदा मे महिन्यात माझी मुलगी आणि मी वही घेऊन मोजायला गेलो, तेव्हा ३७ रोपे जिवंत सापडली.

परंतु मला खरे बोचले ते वेगळेच. आमच्या ओळी जिथे संपतात त्यापुढे, ज्या भागाला आम्ही हातही लावला नव्हता, तिथे जुन्या तोडीच्या खुंटांना डोक्याएवढे फुटवे आलेले आहेत. तसे खुंट आमच्या ओळींतही आहेत, पण त्यांचे फुटवे जेमतेम गुडघ्याला लागतात, कारण लागवडीच्या आदल्या दिवशी आणि नंतरही दर पावसाळ्याअखेर मजुरांकडून 'झुडपे साफ' करून घेणारे आम्हीच होतो. आपोआप येऊ पाहणारे जंगल कापून त्याच्या जागी आम्ही पिशवीतली रोपे लावली, असे मला आता वाटू लागले आहे.

संस्थेकडे दीड लाख रुपये शिल्लक आहेत आणि येत्या सभेत 'हवामानबदल रोखण्यासाठी १००० रोपांची लागवड' असा ठराव येणार आहे. मला त्याला विरोध करायचा आहे, मात्र पर्याय हातात नसताना विरोध करणाऱ्याला आमच्या सभेत कोणी बोलू देत नाही. हवेतला कार्बन कमी करणे हाच हेतू असेल, तर हे पैसे कशावर खर्च करावेत?

हिशेबनीस

आधी आकडे मांडू. झाडाच्या वाळलेल्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो, आणि एक किलो कार्बन म्हणजे हवेतला ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे मुळांसकट १०० किलो कोरडे वजन असलेल्या झाडाने आजवर सुमारे १८० किलो वायू बांधून ठेवलेला असतो. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो वायू बाहेर पडतो. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी ८०० लिटर पेट्रोल पिते आणि १,८४० किलो वायू सोडते. एका गाडीच्या एका वर्षाच्या धुराला अशी दहा झाडे लागतात, आणि झाडाचे तेवढे वजन भरायला कित्येक वर्षे जातात.

तुमच्या ३७ रोपांचे कोरडे वजन प्रत्येकी पाच किलो धरले (मी उदारपणे धरतो आहे), तर चार वर्षांत त्यांनी सुमारे ३३० किलो वायू शोषला. सव्वाशे लिटर डिझेल जाळले की जवळजवळ तेवढाच वायू बाहेर पडतो. टँकर डोंगरावर किती वेळा चढला, ते आता तुम्हीच सांगा.

घोडबंदरी

आमच्या इमारतीत प्यायच्या पाण्यासाठीच दिवसाला चार टँकर येतात. त्यांच्यापोटी किती झाडे लावायची, हेही हिशेबनीसांनी सांगून टाकावे. गच्चीत मावतील असे वाटत नाही.

टेकडीवाला

हिशेबनीस, टँकर दोन उन्हाळ्यांत चाळीसेक खेपा तरी आला असेल. तुमचा प्रतिसाद सभेत वाचून दाखवण्याचे धैर्य माझ्यात नाही, कारण टँकर आमच्या खजिनदारांच्या मेव्हण्यांचा आहे.

कारवी

आकडे बरोबर असतील, पण डोंगराकडे केवळ कार्बनचे गोदाम म्हणून पाहणे मला पटत नाही. मी वीस वर्षे येऊरच्या वाटांवर चालते आहे. तुम्ही ज्यांना 'झुडपे' म्हणून साफ केलेत, त्यांत कारवीही असू शकेल. येऊरची कारवी २०१६ साली फुलली आणि त्यानंतर थेट २०२४ साली. मधली सगळी वर्षे ती निमूटपणे उतारावरची माती धरून बसलेली असते. पाड्यांवर पूर्वी तिच्याच काठ्यांचे कूड उभे राहत आणि त्यावर शेणमातीचा गिलावा होई. रोपे लावणाऱ्यांना झाड दिसते, पण झाडाखाली काय उगवते आहे ते दिसत नाही, आणि आपल्या मोसमी पावसात उताराची माती जी वाचते ती बरीचशी या खालच्या थरामुळेच.

तरीही लागवड अगदीच मोडीत काढू नये, असे मला वाटते. ज्या मुलीने वही धरून ३७ रोपे मोजली, ती त्या लागवडीमुळेच डोंगरावर गेली ना?

जुना वनपाल

मी ठाणे जिल्ह्यात तीस वर्षे वन खात्याची नोकरी केली, त्यातली बहुतेक शहापूर आणि मुरबाडकडे. टेकडीवाला यांनी जे पाहिले ते आमच्या पिढीला वीस वर्षांच्या नोकरीनंतर दिसू लागले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या बाजूचे जंगल मिश्र पानझडीचे आहे: साग, ऐन, हेद, कळंब, धावडा, खैर, बोंडारा. यांतील बहुतेक झाडे तोडल्याने मरत नाहीत. वरचे खोड जाते, पण खुंट आणि मुळे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात. रोपवाटिकेतल्या रोपाला स्वतःची मुळे खडकात शिरवायला तीन-चार पावसाळे लागतात, तर खुंटाच्या फुटव्याला आजोबांची मुळे आयती मिळतात. म्हणून त्याला टँकर लागत नाही.

मग डोंगर आपोआप का भरत नाही? एका खुंटाला आठ-दहा फुटवे येतात. ते एकमेकांत झगडतात, गुरे त्यांचे शेंडे खातात, फेब्रुवारीनंतर वणवा उरलेले भाजून काढतो आणि पुढच्या पावसाळ्यात सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे पंधरा वर्षे तेच झुडूप दिसते. अशा ठिकाणी करायचे काम फार साधे आहे. जमिनीलगत फुटलेले, सरळ, जोमदार असे एक किंवा दोन फुटवे ठेवायचे आणि बाकीचे धारदार कोयत्याने तिरके छाटायचे. घाणेरी (टणटणी) माजली असेल तर ती मुळासकट काढायची. उतारावर सलग समतल चर खणायचे, म्हणजे पाणी मुरते आणि माती तिथेच थांबते. आणि चार-पाच वर्षे चराईबंदी व आगीपासून राखण करायची. आम्ही त्याला नैसर्गिक पुनरुत्पत्तीला हातभार लावणे म्हणत असू. त्यात छायाचित्र काढण्याजोगे काहीच नसते, ही त्या कामाची सर्वांत मोठी अडचण आहे.

कार्बनचे म्हणाल, तर भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या जंगलांतला एकूण कार्बन सुमारे ७२८ कोटी टन दिला आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे. माती वाहू दिली तर वर झाडे मोजत बसण्याला फारसा अर्थ उरत नाही.

पाचवी खिडकी

एक बाळबोध शंका आहे. कार्बन क्रेडिट विकून पैसे मिळतात असे ऐकतो. टेकडीवाल्यांच्या संस्थेला डोंगराचे क्रेडिट विकता येणार नाही का? म्हणजे दीड लाखांचे तीन लाख होतील आणि ठरावही पास होईल.

हिशेबनीस

पाचवी खिडकी, एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. ते विकण्याआधी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तुमच्या पैशांशिवाय हे घडलेच नसते, हे पहिले. शोषलेला कार्बन अनेक दशके तिथेच राहील, हे दुसरे. आणि इथली तोड थांबवल्यामुळे ती शेजारच्या डोंगरावर सरकली नाही, हे तिसरे. जगभरातल्या जंगल क्रेडिटांवर जी टीका होते, ती बहुतेक या तिन्हींपैकी एखाद्या ठिकाणी लंगडे पडल्यामुळे होते. ३३० किलो म्हणजे एका क्रेडिटचा तिसरा भाग. शिवाय डोंगर संस्थेचा नाही. शेजाऱ्याच्या म्हशीचे दूध विकण्यासारखे होईल ते.

खाडीकाठ

सगळे डोंगराकडे पाहत आहेत, म्हणून पाठ फिरवून जरा खाडीकडे पाहा, अशी विनंती करतो. मी ऐरोलीला राहतो. हवेतला कार्बन जमिनीत पुरण्याचे काम आपल्या भागात सर्वांत चोख कोणी करत असेल, तर ती खारफुटी. तिवर आणि चिप्पीची पाने, मुळे जिथे पडतात त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे ती लवकर कुजत नाहीत आणि कार्बन थरावर थर साठत जातो. डोंगरावरच्या जंगलाच्या तुलनेत खारफुटीचा एक हेक्टर कितीतरी पट अधिक कार्बन धरून ठेवतो, आणि त्यातला बहुतांश चिखलात असतो, झाडात नव्हे. म्हणूनच भराव टाकून ती मारली की केवळ झाडे जात नाहीत, तर खाली शेकडो वर्षे साठलेलेही उघडे पडते.

इथेही लागवडीपेक्षा राखणच महत्त्वाची ठरते. राज्यात २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन झाला, ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ साली रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असे स्पष्ट म्हटले. एवढे असूनही जिथे ती मरते तिथे बहुधा कुऱ्हाड लागलेली नसते. कुठेतरी बांध घालून किंवा राडारोडा टाकून भरतीचे पाणी अडवलेले असते. मागच्या वर्षी आमच्याकडच्या एका नाल्याच्या मोरीत राडारोडा अडकून आतले दोन-तीन एकर तिवर सुकू लागले होते. श्वसनमुळे साचलेल्या पाण्यात दोन महिने बुडून राहिली होती. तक्रारी झाल्या, एक दिवस जेसीबी येऊन मोरी मोकळी करून गेला आणि पुढच्या पावसाळ्यात खालून पालवी दिसू लागली. एकही रोप कोणी लावले नाही.

उलट लागवडीचा उत्साह खाडीत धोक्याचा ठरतो. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या सपाटीवर रोहित चरतात. ती 'रिकामी जागा' समजून तिथे खारफुटी लावणे म्हणजे त्यांचे ताट काढून घेणे आहे.

मुरबाडी

चर्चा चांगली चालू आहे, पण वर 'गुरे शेंडे खातात' आणि 'चराईबंदी' वाचून थोडे लिहावेसे वाटले. माझे गाव मुरबाड तालुक्यात आहे, नोकरी वाशीला. आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पाला पसरून जाळतात, त्याकरता हिवाळ्यात ऐनाच्या फांद्या छाटून कवळे (भारे) बांधतात. शहरातला माणूस ते पाहतो आणि म्हणतो, हे लोक जंगल तोडतात. प्रत्यक्षात फांद्या दर वर्षी पुन्हा येतात, ऐन तिथेच राहतो आणि माझ्या आजोबांच्या काळापासूनचा तोच ऐन आमच्या बांधावर उभा आहे. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या लोकांच्या जंगलाविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या होत्या, की १८८० च्या दशकात इंग्रज सरकारला त्यांच्यासाठी आयोग नेमावा लागला. तेव्हाही प्रश्न हाच होता, की जंगल राखायचे ते कोणाच्या पोटाला चिमटा काढून?

चराईबंदी कागदावर सोपी आहे. गुरे कुठे न्यायची हे सांगितल्याशिवाय ती केली, तर राखणदाराची पाठ फिरताच कुंपण मोडते. आमच्या गावात एक तुकडा पाच वर्षे बंद ठेवला, तेव्हा त्यातले गवत कापून नेण्याची मुभा सर्वांना दिली होती. गवत घरी येत होते म्हणून कोणी गुरे आत सोडली नाहीत. आणि गवत कापले गेल्यामुळे वणव्याला जळायलाही काही उरले नाही.

जुना वनपाल

मुरबाडी यांचे म्हणणे मान्य. 'चराईबंदी' हा शब्द मी खात्याच्या सवयीने वापरला. कापून नेण्याची पद्धत बहुधा चांगली चालते, हे मीही पाहिले आहे. राबाबद्दल मात्र एक पुस्ती जोडतो. बांधावरच्या ऐनाची निगा शेतकरी पोराप्रमाणे घेतो, हे खरे, परंतु गावापासून दूरच्या, कोणाच्याच नसलेल्या ऐनाचे कवळे इतके खरवडून तोडतात की तो दिव्याच्या खांबासारखा दिसू लागतो.

घोडबंदरी

वणव्याविषयी मला वेगळेच वाचल्याचे आठवते. पानझडी जंगलातला वणवा जमिनीवरचा पालापाचोळा जाळतो. तो पाला नाहीतरी पावसाळ्यात कुजून त्याचा वायू हवेतच जाणार होता. मग वणव्याचा एवढा बाऊ कशाला? उलट गवत जळले की पुढच्या वर्षी गवत चांगले येते, असे गावाकडे म्हणतात.

जुना वनपाल

घोडबंदरी, तुमच्या बोलण्यात निम्मे तथ्य आहे, म्हणूनच त्याचे उत्तर देणे गरजेचे आहे. आपल्याकडची आग शेंड्यांवरून धावणारी नसते, ती जमिनीलगत सरपटते. त्या एका रात्री हवेत जाणारा वायू हा खरोखर मोठा तोटा नव्हे. तोटा पुढे होतो. गुडघ्याएवढी सगळी पिढी त्या आगीत मरते किंवा पुन्हा खुंटापर्यंत मागे जाते, मोठ्या झाडांच्या बुंध्यांना जखमा होऊन आतून पोकळी धरते, आणि पाचोळ्याची गोधडी निघून गेलेल्या उघड्या मातीवर जूनचा पहिला पाऊस थेट आदळतो. दर वर्षी जळणारा डोंगर म्हाताऱ्या माणसांच्या गावासारखा असतो. आहेत ती झाडे उभी दिसतात, पण त्यांच्यामागे कोणी नसते. आणि 'चांगले गवत' म्हणाल, तर राख झाल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात इतकेच. कोंब दिसणे आणि कुरण सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वणवे शंभरांतले जवळजवळ शंभर माणसाच्या हातून लागतात. गवताच्या आशेने, मोहाची फुले वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून, शिकारीसाठी, बांध जाळताना सुटलेल्या ठिणगीने. शहराजवळच्या टेकड्यांवर यात विडी-सिगारेट, पार्ट्या आणि क्वचित जागेवर डोळा ठेवणारे यांची भर पडते. उपाय जुनाच आहे. जानेवारीत पायवाटांच्या आणि कड्याच्या बाजूने गवत कापून जाळरेषा घ्यायच्या, फेब्रुवारीच्या मध्याआधी त्या देखरेखीखाली जाळून मोकळ्या करायच्या, आणि तिथून पहिल्या पावसापर्यंत आग-पहारेकरी ठेवायचे. आता उपग्रहाने टिपलेल्या आगीचा निरोप मोबाइलवर येतो, पाला उडवायला पाठीवरचे ब्लोअर मिळतात. मात्र निरोप आल्यावर डोंगर चढायला माणूस लागतो.

हिशेबनीस

पर्यायी बाजूही कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. इंधन जाळून जग वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडते. जमिनीवरच्या वनस्पती आणि माती मिळून माणसाच्या एकूण उत्सर्जनापैकी तीस टक्क्यांच्या आसपास वायू आपणहून शोषतात. हे काम कोणाच्याही ठरावाशिवाय चालू आहे. त्यामुळे एका संस्थेच्या १००० रोपांनी किंवा १००० फुटव्यांनी हवामानबदल थांबेल, ही भाषाच मुळात चुकीची आहे. ज्याला कार्बन कमी करायचा आहे त्याने गच्चीवर सौर पॅनेल बसवावे, गाडी घरी ठेवून हार्बर लाइनची लोकल पकडावी.

कारवी

हिशेबनीस, सौर पॅनेल बसवाच, त्याला कोणाचा विरोध आहे? पण तीस टक्क्यांचे हे 'आपणहून' चाललेले काम गृहीत धरण्यातच गडबड आहे. अमेझॉनच्या आग्नेय भागातली हवा विमानांतून नमुने घेऊन तपासली, तेव्हा तो भाग शोषतो त्याहून अधिक कार्बन सोडू लागल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तोड, आगी आणि वाढता कोरडेपणा ही त्याची कारणे. कॅनडात २०२३ साली एकाच हंगामात दीड कोटी हेक्टरांहून अधिक जंगल जळाले. घरातला जुना नोकर पगार न घेता काम करतो म्हणून त्याच्या जेवणाकडे दुर्लक्ष करायचे, तसे हे आहे. जंगल राखणे हे इंधनजाळणीचे प्रायश्चित्त नव्हे, हे मात्र शंभर टक्के मान्य.

आणखी एक. जुनी झाडे वाढायची थांबतात, म्हणून ती कापून तरुण झाडे लावावीत, असे एका लागवड-कार्यक्रमात मला ऐकवले गेले. ४०३ प्रजातींच्या झाडांच्या मोजमापांवर आधारलेला २०१४ सालचा एक अभ्यास नेमके उलटे सांगतो, की बहुतेक प्रजातींत झाड जितके मोठे, तितकी त्याची वर्षाची वजनवाढ अधिक. बुंध्याचा घेर वर्षाला थोडासाच वाढतो, पण तो थोडासा प्रचंड घेरावर चढतो.

वकिली बाणा

जमिनीचा मुद्दा कोणी काढला नाही, म्हणून काढतो. डोंगर वन खात्याचा असेल तर जुन्या वनपालांनी सांगितलेली फुटव्यांची छाटणी करण्यासाठीही लेखी परवानगी हवी. हेतू कितीही चांगला असला, तरी वनजमिनीवर कोयता चालवणे हा गुन्हा ठरू शकतो. रोप लावण्याची परवानगी सहज मिळते आणि फुटवा राखण्याची मागायला गेलो की समोरचा चेहऱ्याकडे पाहत राहतो, हा अनुभव मात्र मला आला आहे.

राखण कोणी करावी याचे उत्तर जिथे सापडले, तिथे ते गावानेच दिले. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो २००९ साली मिळाला. चंद्रपूरच्या पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटावी लागत आणि आगी लागत. बांबूचे उत्पन्न त्यांनी स्वतःच्या हाती घेतले. वणव्याविषयी एवढा मोठा निर्णय कोणत्याही परिपत्रकाने झाला नसता.

पाचवी खिडकी

सरकारी आकड्यांत जंगल वाढतेच आहे, असे बातमीत वाचले होते. मग आपण कशाची चिंता करतो आहोत?

वकिली बाणा

पाचवी खिडकी, वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशाचे वन आणि वृक्ष आच्छादन मिळून २५.१७ टक्के आहे. पण त्या मोजणीत एक हेक्टर किंवा त्याहून मोठी आणि दहा टक्के किंवा त्याहून अधिक छत्र असलेली कोणतीही जागा वनाच्छादन ठरते, मग जमीन कोणाचीही असो आणि झाड कुठलेही असो. त्यामुळे कोकणातली हापूसची कलमे आणि नारळाच्या वाड्या उपग्रहाला जंगलच दिसतात. बिबट्याला दिसतात की नाही, ते त्यालाच विचारावे लागेल.

मुरबाडी

आमच्या बागेत येतो कधी कधी. आंबे खात नाही, कुत्रे नेतो.

खाडीकाठ

मियावाकी पद्धतीबद्दल कोणीच काही लिहिले नाही. आमच्या भागात दोन भूखंडांवर ती केली आहे. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे लावली असून हिरवी भिंत झाली आहे.

जुना वनपाल

शहरातल्या तापलेल्या भूखंडावर, जिथे मातीत काहीच उरलेले नाही आणि पाण्याचा नळ जवळ आहे, तिथे ती जरूर करावी. ज्या डोंगरात खुंट जिवंत आहेत तिथे एवढा खर्च करणे म्हणजे घरी गूळ असताना बाजारातून साखर उसनी आणणे. दुसरी चूक म्हणजे भराभर हिरवे दिसते म्हणून गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणे. आम्हीच एके काळी ती लावली. उतार हिरवे दिसले, पण त्या पानांवर आपल्याकडचे किडे-पाखरे फारसे जगत नाहीत आणि खाली दुसरे काही वर येत नाही. नुसता सागही नको. सागाच्या रुंद पानांवरून घरंगळणारे टपोरे थेंब खालची उघडी माती खणत जातात.

टेकडीवाला

सर्वांचे आभार. काल सभा झाली, तिचा वृत्तांत देतो.

मी हिशेबनीसांचे आकडे टँकर वगळून वाचून दाखवले. जुन्या वनपालांचा मजकूर छापून वाटला. सुरुवातीला कोणाचेच लक्ष नव्हते. मग माझ्या मुलीने मोबाइलवरची दोन छायाचित्रे पडद्यावर लावली, एकात आमच्या ओळीतले वाळलेले रोप बांबूच्या काठीला बांधलेले, आणि दुसऱ्यात त्याच्यापासून तीस पावलांवर कोणीही न लावलेला, तिच्या डोक्याहून उंच ऐन. त्यानंतर पाच मिनिटे सगळे एकदम बोलत होते.

शेवटी ठरले ते असे. रोपे १००० ऐवजी ५०, आणि तीही आवाराच्या भिंतीलगत, जिथे नळ पोहोचतो. (ती ५० हवीतच, कारण फलक आधीच छापून आला होता.) संबंधित वन कार्यालयाकडे फुटवे राखण्यासाठी आणि जाळरेषांना मदत करण्यासाठी लेखी अर्ज द्यायचा. परवानगी मिळाली तर जानेवारीत गवत कापणीची मजुरी आणि फेब्रुवारी ते जून दोन आग-पहारेकऱ्यांचा पगार, जमेल तितका संस्थेने द्यायचा. पहारेकरी डोंगरापलीकडच्या पाड्यावरचेच असावेत आणि कापलेले गवत त्यांनीच न्यावे, ही मुरबाडींची कल्पनाही ठरावात आली. खजिनदारांनी 'यात टँकर कुठे येतो' असे विचारले, ते इतिवृत्तात घेतलेले नाही.

दीड लाखात दोन माणसांचा चार महिन्यांचा पगार पूर्ण बसत नाही, याची मला कल्पना आहे. उरलेले घरटी वर्गणीतून काढावे लागेल.

हिशेबनीस

वर्गणीत माझे नाव लिहा. मी वाशीला राहतो, तुमच्या संस्थेचा सभासद नाही, पण ८०० लिटर पेट्रोल माझेच आहे.

टेकडीवाला

लिहिले. आता जुन्या वनपालांना एकच विचारायचे आहे. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण फक्त खुंट मोजायला आणि कोणत्या जातीचे आहेत ते वहीत नोंदवायला जाणार आहोत. कोयता नेणार नाही. पण फुटवा कोवळा असताना ऐन नेमका ओळखायचा कसा? मोठ्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल आम्हाला ठाऊक आहे, पण फुटव्याला ती नसते.

जुना वनपाल

पान उलटे करा. देठाजवळ, मधल्या शिरेच्या बाजूला दोन बारीक गाठी दिसतील, तीळ चिकटल्यासारख्या. त्या असतील तर ऐन. कोवळ्या पानावर कधी एकच दिसते, म्हणून एका फुटव्याची चार-पाच पाने तरी पाहा. मुलीला सोबत आणा, असल्या गाठी आम्हा म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय दिसत नाहीत. मी शिळफाट्याहून येईन, सकाळी साडेसहाला पायथ्याशी भेटू.